तिसावी बादली

एफीच्या फावड्याच्या पहिल्या फटक्यात लॉकीचे दोन दात पडले, आणि दुसऱ्या फटक्यात ते त्यानं गिळले. खोटं वाटत असेल तर त्याला तोंड उघडायला सांगा.

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या कडेला आमचं गाव. खाली बंदरावर मासेमार, वर टेकडीवर बटाटेवाले. एफी टेकडीवरची विधवा, शाळेची बस चालवायची. टेकडीची माती धुऊन गेली, बटाटा सुपारीएवढा निघायला लागला, तेव्हा तिनं चर्चमागं गावाचा खताचा ढीग घातला. टेकडीच्या साली आणि बंदरावरची लॉबस्टरची टरफलं एकत्र कुजली, की खडकावरसुद्धा कोबी येईल, म्हणायची. पण आमच्यात एका आळीचं खरकटं दुसऱ्या आळीच्या खरकट्याला शिवत नाही. मढीसुद्धा वाटेच्या दोन अंगांना पुरतात. जिल्हा कचेरीतून तपासणीला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, शनिवारी दुपारपर्यंत तीस घरांच्या बादल्या आल्या नाहीत, तर ढीग उचलायचा. आल्या होत्या चौदा.

शनिवारी सकाळी बंदरावरचा लॉकी ट्रॅक्टर घेऊन आला.

"एफे, सरक! माझ्या भैनीनं चोरून टरफलं हितं टाकली. बंदराची अब्रू तुमच्या सालीत कुजवतीस व्हय?"

"तुझी अब्रू आधीच वास मारतीया, लॉक्या. कुजायचं काय ऱ्हायलंय तिच्यात?"

त्यानं ट्रॅक्टर पुढं घातला, तिनं फावडं. पुढचं सांगितलंच. लॉकीनं रक्त थुंकत तिचे केस धरले आणि तिचं तोंड ढिगात खुपसलं. ढीग आतून असा तापलेला, की मी त्यात अंडी उकडून खाल्लीत. एफीच्या भुवया तिथंच राहिल्या. तिनं लॉकीच्या पोटात गुडघा घातला आणि ती ढिगाच्या माथ्यावर चढली.

तोवर दोन्ही आळ्या गोळा झालेल्या. बंदरावरच्या रोरीनं माझ्या भावाच्या कानाचा लचका तोडला. सोडवायला आलेल्या पाद्रीबाबांच्या टाळक्यात कुणीतरी सलगम हाणला, तर बाबांनी बाही सारून हाणणाऱ्याचं नाक फोडलं.

वरून एफी एकेका घराचं नाव घेऊन ओरडायला लागली.

"रोऱ्या, मला मारायला तुझ्या घरात चहाचा चोथा तरी हाय का रं?"

रोरी पळत गेला, बादलीभर माशांची मुंडकी घेऊन आला आणि तिच्यावर भिरकावली. मग दुसरा, तिसरा. अंड्याची कवचं, सडके कांदे, खेकड्याच्या नांग्या. मीही आतडी फेकली. लागली एफीला, पडली ढिगावर. तिच्या कपाळातून रक्ताची धार लागलेली, आणि बया बोटांवर बादल्या मोजत होती!

"लॉक्या, तूच ऱ्हायलास! तुझ्या चुलीवर काय दगडं शिजत्यात?"

लॉकी पेटला. लंगडत घरी गेला, टरफलांनी गच्च भरलेली बादली आणली आणि बादलीसकट तिच्या तोंडावर मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी कुंपणापाशी ऐकला.

तेवढ्यात जिल्ह्याच्या बाई आल्या. चिखलात पडलेली माणसं ओलांडत त्यांनी घरं विचारली, बादल्या मोजल्या आणि वहीत लिहिलं, तीस.

वाकड्या नाकाला झग्याचा घोळ लावून एफी खाली उतरली. लॉकी वाफाळत्या ढिगाकडं तोंड वासून बघत होता. तिनं त्याची रिकामी बादली त्याच्या हातात दिली.

"फुडल्या शनवारी टरफलं जरा कुटून आण, लॉक्या. अशी आख्खी लवकर कुजत न्हाईत."