रविवारची नात

आजीच्या डाव्या डोळ्यापुढे पंधरवड्यापासून धुकं साचलं होतं, आणि ते सांगायला घरात एक कान रिकामा मिळेल तर शपथ. मुलगा म्हणायचा, जेवताना नको. सून म्हणायची, चष्मा पुसून बघा. आणि नात तर कानात इअरफोनची बोंडं घालूनच जन्मल्यासारखी घरभर फिरायची.

हीच नात म्हणे दर रविवारी वृद्धाश्रमात जाऊन परक्या म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायची! कॉलेजने रीतसर शिकवलं होतं. हात हातात घ्यायचा, मान हलवायची, मध्ये मध्ये "हं, मग?" म्हणायचं, सल्ला द्यायचा नाही, शब्द द्यायचा नाही. बया आरशासमोर सराव करायची. एकदा दाराआडून ते "हं, मग?" ऐकून आजी भाबडेपणाने डोळ्याचं सांगायला आत गेली, तर कार्टी वैतागून म्हणाली की मी कामात आहे.

आजीचं डोकं सणकलं. पुढच्या रविवारी, नात बाहेर पडायच्या आधीच, तिने केस नीट विंचरले आणि बसने आश्रम गाठला. मोठ्या खोलीत म्हातारी माणसं ओळीने मांडून ठेवली होती. एका रिकाम्या खुर्चीत ती जाऊन बसली. कुणी हटकलं नाही, त्या वयाचं माणूस तिथे खपून जातं.

थोड्या वेळाने पिवळे टी-शर्ट घातलेली पोरं आली. नात एकेक खुर्ची उरकत आजीपुढे आली, स्टूल ओढलं, हात धरला, शिकवलेलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि मग वर पाहिलं.

"आजी, तू इथे काय करतेस? घरी चल," ती कुजबुजली.

"घरी तू कामात असतेस. हात धर नीट."

मागे कॉलेजच्या मॅडम उभ्या होत्या, करते काय बिचारी! धरला हात. मग आजीने सगळं सांगितलं. चहा कपाबाहेर ओतला जातो, जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही, आणि परवा नातीचाच चेहरा अर्धा दिसला तेव्हा आजी न्हाणीघरात जाऊन रडली होती. नातीने पहिल्यांदाच आजीच्या डाव्या डोळ्यात नीट पाहिलं. पण तोंडातून निघालं ते सवयीचंच.

"हं, मग?"

"मग काय? डॉक्टरकडे ने मला, गधडे."

मॅडमनी टाळी वाजवली. वेळ संपली, पुढची खुर्ची घ्या. नात अर्धवट उठली, पण आजीने हात सोडला नाही. ती तशीच नातीला घेऊन दाराकडे निघाली, आणि दोन पावलांनंतर तिला ओढावंही लागलं नाही.

पुढच्या खुर्चीतले आजोबा मघापासून शर्टाची बटणं लावून आपला नंबर यायची वाट बघत होते. त्यांनी जाणाऱ्या दोघींकडे पाहिलं आणि मॅडमना विचारलं, "या पोरींना घरी न्यायची सोय आहे होय? आम्हाला कुणी बोललंच नाही."