तालोमाची खिचडी

मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका चर्चच्या हॉलमध्ये तिथल्या बायकांचं एक मंडळ दर वसंतात 'जगाची जत्रा' भरवायचं. १९८६ साली सुलेखा करंदीकरने तिथे भारताचं टेबल मागायला फोन केला, आणि घोळ झाला तो तिथेच. फोनवर होत्या मंडळाच्या मिसेस डॉबिन्स. कानाने जरा कमी. त्यांनी देश विचारला तेव्हा सुलेखा म्हणाली, "इंडिया, नो? येस, या!" पलीकडे हे "इंडोनेशिया" असं ऐकू गेलं. चारच दिवसांनी गावच्या साप्ताहिकात टेबलांची नावं छापून आली, त्यात 'इंडोनेशिया : मिसेस करंदीकर' असं स्पष्ट होतं.

"अगं, फोन करून सांग ना त्यांना," प्रल्हाद म्हणाला. तिचा हा नवरा डेट्रॉइटच्या एका कंपनीत मोटारींच्या दारांच्या कड्या डिझाइन करायचा. उघडलेलं दार नीट लागलंच पाहिजे, हा त्याचा धर्मच होता.

"आणि भारताचं टेबल कुणाला दिलंय ते वाचलंत का?"

भारताचं टेबल पद्मिनी सुभेदारला दिलं होतं. पद्मिनीने ही जत्रेची बातमी महाराष्ट्र मंडळात कुणाला कळूसुद्धा दिली नव्हती. आता तिच्या टेबलावर समोसे वाढायला उभं राहायचं? सुलेखा नागपूरची. तिने पदर खोचला. "इंडोनेशिया तर इंडोनेशिया!"

मग दोघं लायब्ररीत जाऊन बसली. सुलेखाने बाली काढलं, पण प्रल्हादने मान हलवली. "बालीचे फोटो सगळ्यांनी मासिकांत पाहिलेत. लोक प्रश्न विचारतील. आपण असं गाव घेऊ की ज्याचं नावच कुणी ऐकलेलं नसेल. मग काहीही सांगितलं तरी खपतं." त्याने भलामोठा ॲटलास उघडला, भिंग लावलं आणि पार पूर्वेला तेर्नाते नावाच्या बेटावर बोट ठेवलं. बेट एवढंसं, त्यावरचं शहर त्याहून लहान, आणि त्या शहराच्या कडेला, समुद्रात पडता पडता राहिल्यासारखा एक ठिपका. तालोमा.

तालोमाबद्दल लायब्ररीत एक ओळ मिळेल तर शपथ. तेर्नातेबद्दल मात्र विश्वकोशात अर्धा परिच्छेद होता. लवंगा होतात, ज्वालामुखी आहे, लोक सागो खातात.

"सागो म्हणजे?" प्रल्हादने विचारलं.

सुलेखाने शब्दकोश पाहिला आणि भर लायब्ररीत टाळी वाजवली. "अहो, साबुदाणा! खिचडीच करते की!"

सुलेखाने साप्ताहिकाला 'इंडोनेशियातलं तालोमा' असं छापायला कळवलं, आणि दोन आठवडे प्रल्हाद तळघरात पुठ्ठा आणि थर्मोकोल कापत बसला. गाव तयार झालं तेव्हा सुलेखा बघतच राहिली. उतरती कौलं, माडांच्या रांगा, तांबड्या दगडाच्या पायऱ्या, विहिरीवर रहाट, आणि रहाटाजवळ गाय.

"हे तर तुमचं कोकणातलं केळशी आहे," ती म्हणाली.

"समुद्राकाठचं गाव म्हटलं की असंच असतं," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

जत्रेच्या दिवशी पद्मिनी जरीचं नेसून आली. सतारीची कॅसेट, समोशांचे डोंगर. तिने सुलेखाच्या टेबलाकडे पाहिलं, पातेल्यात डोकावली आणि नुसतंच "अय्या" म्हणाली. त्या एका 'अय्या'त सगळं आलं.

पण गर्दी व्हायची ती सुलेखाच्याच टेबलाशी. खिचडी भराभर जात होती आणि बोलता बोलता सुलेखाला हुरूप येत होता. तिने तालोमाला लवंगांची दिवाळी दिली, होड्यांचा पोळा दिला. समोर आठ-दहा अमेरिकन बायका जमल्यावर तर तिच्या अंगात आलं. "आमच्या तालोमात," ती म्हणाली, "मुलाचं लग्न झालं की सासूला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी असते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागून एक जाडसर आवाज आला, "हे केव्हापासून?"

बायका बाजूला झाल्या. मागे एक म्हातारा उभा होता. बुटका, सावळा, नक्षीचा बाटिक सदरा, डोक्यावर काळी टोपी.

"मी निघालो तेव्हा असं नव्हतं," तो इंग्रजीत म्हणाला. "माझी आई मरेपर्यंत चुलीपुढून उठली नाही. माझ्या बायकोने हे ऐकलं असतं तर तिथेच घर घेतलं असतं."

सुलेखाचा डाव पातेल्यातच राहिला. "तुम्ही... तिकडचे?"

"तालोमाचा. इद्रिस." आणि मग तो तिच्याशी आपल्या भाषेत बोलायला लागला. लांबलचक वाक्य होतं, शेवटी सूर वर गेला. प्रश्न असावा. सुलेखाने आधाराला नवऱ्याकडे पाहिलं.

"मी गाडीतून प्लेट्स घेऊन येतो," प्रल्हाद म्हणाला आणि गेला. प्लेट्सचा गठ्ठा टेबलाखालीच होता.

बायका पांगल्यावर सुलेखाने सगळं सांगून टाकलं. फोन, पद्मिनी, ॲटलास, भिंग. सांगता सांगता तिचे कान लाल झाले. "माफ करा. हे गाव खरंच आहे, तिथे खरीच माणसं असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

इद्रिसने ऐकून घेतलं. मग तो टेबलावरच्या गावाकडे वळला आणि वाकून बघू लागला.

"ज्वालामुखी कुठाय?"

"थर्मोकोल संपला."

त्याने इकडे तिकडे पाहिलं, खिचडीचं एक रिकामं पातेलं उचललं आणि गावामागे पालथं घातलं. "एवढा जवळ. खिडकी उघडली की हाच. आणि गाय काढा. बकरी हवी." त्याने स्वतःच गाय उचलून खिशात टाकली, रहाट काढला, त्या जागी पेपर नॅपकिनची घडी ठेवली. "ही मशीद. हे आमचं घर. इथून पाण्यात उडी मारायचो."

मग त्याने खिचडी चाखली. चावत राहिला. "हे तुम्ही केव्हा खाता?"

"उपासाला."

"उपासाला!" तो इतका हसला की टोपी सरकली. "आम्ही भूक लागली की सागो खायचो, तुम्ही भूक मारायला खाता!" आणि त्याने आणखी मागितली.

तेवढ्यात मिसेस डॉबिन्सना हाताला धरून पद्मिनी आली. "विचारा यांना! या नागपूरच्या करंदीकर आहेत. इंडोनेशियाशी यांचा काडीचा संबंध नाही!"

मिसेस डॉबिन्स गोंधळल्या. सुलेखाने खरं सांगायला तोंड उघडलं, पण इद्रिस चमचा खाली ठेवून पुढे झाला. "बाई, मी तालोमात जन्मलो. ही माझ्या घरची माणसं आहेत."

पद्मिनीने त्याच्या टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. ती आपल्या समोशांकडे परत गेली.

"का सांगितलंत असं?" सुलेखाने हळूच विचारलं.

तो डच बोटीवर स्वयंपाकी म्हणून निघाला होता. पुढे मिशिगनच्या दुसऱ्या टोकाला एका नर्सशी लग्न करून तिथलाच झाला. इथे जवळच त्याची सून राहायची. गावच्या साप्ताहिकात तालोमाचं नाव वाचून तिने फोनवर सांगितलं, आणि हा सकाळी गाडी काढून निघाला. "कुणी गाववाला भेटेल असं नव्हतं वाटलं," तो म्हणाला. "करंदीकर हे नाव आमच्याकडचं नाही, तेवढं कळतं मला. पण इतक्या वर्षांत या देशात तालोमाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. माझी बायकोसुद्धा नुसतं 'तिकडे' म्हणते. म्हटलं, बघून तरी येऊ, कोण घेतंय."

सुलेखाने त्याला खुर्ची दिली.

मग जत्रा संपेपर्यंत टेबल इद्रिसनेच चालवलं. लहानपणी डोंगर पेटला तेव्हा अख्खा तालोमा होड्यांत बसून समुद्रात कसा थांबला, आणि त्याची आई चुलीवरचं भांडं तसंच उचलून होडीत कशी आली, हे तो सांगत होता आणि लोक खुर्च्या ओढून ऐकत होते. अखेर प्रल्हाद रिकाम्या हातांनी परत आला. इद्रिसने त्याच्या खांद्यावर हात टाकून लोकांना सांगितलं, "हा माझा भाचा. लाजाळू आहे." प्रल्हादने निमूटपणे मान डोलावली.

त्या उन्हाळ्यात इद्रिसने दोघांना घरी जेवायला बोलावलं. खरा सागो खायला. टेबलावर वाडगा आला, त्यात पारदर्शक, चिकट, खळीसारखं काहीतरी थरथरत होतं. शेजारी माशाचं पिवळं कालवण. इद्रिसने दोन काड्यांवर ते गुंडाळून सुलेखाच्या ताटलीत सोडलं. चावायचं नाही, नुसतं गिळायचं, अशी सूचना मिळाली. सुलेखाने डोळे मिटून गिळलं. ते घशातून खाली उतरायला आपला वेळ घेत राहिलं.

"कसं झालंय?"

"छान आहे," सुलेखा म्हणाली.

"खोटं," इद्रिस म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे केळशीकर प्रल्हाद मात्र वाडगा पुढे ओढून कालवणासकट तिसऱ्यांदा वाढून घेत होता.