तोंडात बसलेली सवय

बावीस वर्षं बाळंतपणाच्या खोलीत काढलेल्या बाईला हृदयविकाराच्या वॉर्डात पाठवायचं, हे ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालं त्याला एकदा कोपरापासून हात जोडावेत, असं मोठ्या सिस्टरना महिनाभर वाटत होतं. मोठ्या फक्त वयानं. त्यांना हाताशी धरून शिकवणाऱ्या धाकट्या सिस्टर त्यांच्या लेकीच्या वयाच्या. आज दुपारी शिकणं पुरं झाल्याच्या कागदावर धाकटीची सही झाली, की उद्यापासून सहा खाटा मोठ्या सिस्टरच्या एकटीच्या जिवावर.

तिसऱ्या खाटेवर निवृत्त बसड्रायव्हर होते, झटका येऊन चारच दिवस झालेले. पोट साफ होत नव्हतं, म्हणून पडदा ओढून बेडपॅन दिलं होतं. मोठ्या सिस्टर त्यांच्या खांद्याला आधार देऊन उभ्या होत्या. काका कण्हले, आणि सिस्टरच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हं, लावा जोर. अजून थोडा. शाब्बास."

आयुष्यभर कंडक्टरच्या घंटीवर गाडी हलवलेला माणूस. सांगितलं तसं त्यांनी केलं.

चेहरा पांढराफटक पडला, मान कलली, यंत्र ठणाणा करू लागलं. नाडी पस्तीस. या रोग्यांना कुंथू द्यायचं नाही, कुंथलं की नाडी एकदम मंदावते, हे धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोठ्या सिस्टरनी वहीत लिहून त्याखाली रेघसुद्धा मारली होती. त्यांनी मदतीच्या घंटीचं बटण दाबलं. धाकटी धावत आली, खाट सपाट करून तिनं काकांचे पाय वर धरायला लावले, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. काही वेळानं काकांनी डोळे उघडले.

काय झालं, असं धाकटीनं विचारलं. काकांनी मोठ्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपणच घाई केली, बाईंचा काही दोष नाही, असं सांगून टाकलं. धाकटीनं तसं नोंदवहीत लिहायला घेतलं.

सुटका आयती चालून आली होती. गप्प बसलं की झालं. पण गप्प बसलं की उद्या सहा खाटा, सहा पडदे, आणि त्यांच्यामागे हेच तोंड.

"काका खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं जोर लावा."

धाकटीचं पेन थांबलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मोठ्या सिस्टरना वाटलं. तिनं त्यांना बाजूला नेऊन हळूच विचारलं, "याआधी अजून कुणाला म्हणालात?"

मोठ्या सिस्टरनी आठवून पाहिलं. मघाशी पहिल्या खाटेवरच्या आजींना त्यांनीच बेडपॅन दिलं होतं. काल पाचव्या खाटेला. बाळंतपणाच्या खोलीत ते शब्द दिवसातून शंभरदा तोंडून जायचे, आपण ते कधी म्हटले हे कधीच कळलं नव्हतं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीनं सहीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्यांचा हात धरला. हात थंडगार होता, धाकटीचाही. दोघी पहिल्या खाटेकडे निघाल्या. बेडपॅन देताना आजींभोवती ओढलेला पडदा अजून तसाच होता.