पातेल्यावरचा ठिपका

"खऱ्या कलावंताला मत्सर शिवत नाही," असं ज्योतीरामांनी बायकोला, इंदुताईंना, ठणकावून सांगितलं आणि ते स्टुलावर चढून समोरच्या सोपानरावांच्या स्वयंपाकघरात डोकावू लागले.

पिंपळे गुरवच्या त्यांच्या सोसायटीत दरवर्षी घरातल्या वस्तू मांडून फोटो काढायची स्पर्धा असे. गेल्या वर्षी सोपानरावांनी एक लिंबू आणि दोन चमचे मांडून कप नेला. तेव्हापासून ज्योतीरामांना लिंबाचं सरबत पचत नव्हतं. यंदा कप आपल्याच शोकेसमध्ये आला पाहिजे, नाहीतर फ्लॅट विकून तळेगावला जायचं, इथवर गोष्ट आली होती.

मांडणी त्यांनीही केली होती. वाट्या, कप, कुकरची शिट्टी, सगळं फूटपट्टी लावून एका रांगेत. इंदुताई म्हणाल्या, "अहो, फोटो काढताय की माल डिस्पॅच करताय?"

त्याला इलाज नव्हता. चाकणच्या कंपनीत त्यांचा जन्म पार्ट तपासण्यात गेला होता. चांगल्या पार्टवर पेंटच्या मार्करनं पिवळा ठिपका, खराबवर लाल. रिटायर झाले तरी दोन्ही मार्कर खिशातच असत.

शेवटी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं ते सोपानरावांकडे गेले. टेबलावर स्टीलचं पातेलं पालथं घातलं होतं, अगदी डोंगरासारखं. पायथ्याशी लसणाच्या पाकळ्यांची मेंढरं.

"या भाऊ! काय चुकलं असेल तर सांगा, तुमची नजर कंपनीची," म्हणून सोपानराव साखर आणायला आत गेले.

ज्योतीराम अधाशासारखे वाकले. पातेल्यावरून बोट फिरवलं. पोचा नाही, चरा नाही. मेंढरंसुद्धा गोजिरवाणी. मनात तर लाल कधीच मारून झाला होता. पण हात खिशात गेला, जुन्या सवयीनं बाहेर आला आणि पातेल्यावर ठिपका उमटला. पिवळा. मन जळत होतं, पण हात नोकरीला इमानी राहिला.

पुसणार तोवर सोपानराव आले. ज्योतीराम साखर घेऊन सटकले. जिन्यात मात्र त्यांना वाटलं, बरंच झालं! फोटो नासला.

निकाल सांगायला चित्रकलेच्या वर्षालीबाई आल्या होत्या. "डोंगरावर उगवलेला हा इवलासा सूर्य!" त्या गहिवरून म्हणाल्या. "अख्खा फोटो त्याच्यावर उभा आहे." कप सोपानरावांना. ज्योतीरामांना स्वच्छतेबद्दल उत्तेजनार्थ.

टाळ्या थांबल्या तसे सोपानराव कप घेऊन आले आणि ज्योतीरामांना कोपरापाशी धरून बाजूला घेऊन गेले.

"भाऊ, तो ठिपका तुमचाच ना?"

ज्योतीरामांची छाती फुगली. आता हा चारचौघांत सांगणार. निदान अर्धा कप तरी आपला.

"माझाच," ते विनयानं म्हणाले.

"मग तेवढं सांगा राव, तो निघतो कशानं? पातेलं हिच्या माहेरचं आहे."