न उलटलेला मासा

लाय यूत-हो नावाच्या बाईंचं पत्र अकरा वर्षं माझ्या जाड शब्दकोशात पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आळस नव्हे. दरवर्षी नववर्षाच्या आधी मी कागद घेऊन बसायचो, 'आपलं पत्र पोचलं' एवढं लिहायचो, आणि मग खिडकीतून धक्क्यावरच्या होड्या बघत राहायचो.

पत्र बाजारातल्या लेखनिकाकडून लिहवून घेतलेलं होतं. पहिल्या चार ओळींत माझ्या विद्वत्तेची स्तुती होती. ती वाचतानाच मला घाम फुटला होता. पुढे मात्र बाईंचे स्वतःचे शब्द होते. 'तुम्ही फुक-लोई बोटीवर होता. अधिकाऱ्याच्या शेजारी उभे असलेले चष्मेवाले मास्तर तुम्हीच, असं कळलं. माझे वडील लाय होई-शान. त्यांना समुद्री चाचा म्हणून गोळी घातली तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या होडीवर पूर्वजांच्या लाकडी बाहुल्या असतात. वडिलांची अजून कोरलेली नाही. काका म्हणतात, चाच्याची बाहुली होडीवर नको. आई थकली आहे, तिला ती बघायची आहे. वडिलांच्या हातात तुम्ही बंदूक पाहिली का, एवढंच सांगा.'

एवढंच.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. स्वाताऊ बंदरातल्या एका शाळेत पहिली नोकरी लागली होती, म्हणून हाँगकाँगहून त्या बोटीने निघालो. दुपारच्या भाताची घंटा झाली, सगळे वाडगी घेऊन उभे राहिले, आणि आमच्याच रांगेतल्या काही जणांनी सदऱ्याखालून पिस्तुलं काढली. ते आमच्यासारखेच तिकीट काढून चढले होते. वर कप्तानाच्या खोलीकडे चार-पाच गोळ्या झाल्या. कुणाचा तरी कोपर माझ्या तोंडावर बसला आणि चष्मा उडाला.

त्यानंतरचं मी काय सांगू? चष्म्याशिवाय मला हातभर अंतरावरचा चेहरासुद्धा भिजलेल्या कागदासारखा दिसतो. कुणी ओरडत होतं, "खाली बसा! हलेल त्याला मासळीला घालीन!" शेजारची बाई सारखी विचारत होती, "मास्तर, हे आपले की त्यांचे?" मी म्हणत होतो, "कोण?" तीही म्हणत होती, "तेच तर विचारतेय!" बोट वळली हे मला उन्हावरून कळलं, आधी डाव्या गालावर होतं ते उजव्यावर आलं. चाचे तिला त्यांच्या खाडीकडे नेत होते.

मग कुणीतरी माझ्यासमोर उकिडवं बसलं. हाताला तुंगाच्या तेलाचा वास होता, होडीच्या फळ्यांना लावतात त्या तेलाचा. त्या हाताने माझ्या तळव्यावर चष्मा ठेवला. "घ्या मास्तर, तुमचे डोळे. एक फुटलाय, एकावर भागवा." मी आभार मानेपर्यंत तो माणूस निघून गेला होता. उरलेल्या काचेलाही तडा होता. तिच्यातून प्रत्येक माणूस दोन दिसायचा.

सगळ्यांना बसायची सक्ती असताना तो माणूस मोकळा कसा फिरत होता? हा प्रश्न मी चाळीस वर्षं कुरतडतो आहे. चाचा असेल म्हणून फिरला असेल. किंवा नुसता धीट असेल. मी धीट नाही, त्यामुळे धीट माणसं कशी वागतात हे मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर सरकारी गनबोट आली. तिने आमच्या बोटीच्या पुढच्या टोकासमोर एक गोळा टाकला. पाण्याचा खांब उठला आणि डेकवर सगळ्यांच्या अंगावर कोसळला. सहा चाचे छोट्या होडीतून पळाले. बाकीच्यांनी पिस्तुलं समुद्रात फेकली, अंगरखे बदलले आणि आमच्यात येऊन बसले. चौदा चढले होते, असं बोटीचा तांडेल शपथेवर सांगत होता. म्हणजे आठ उरले. तीनशे उतारूंमध्ये आठ.

गनबोटीवरचा लेफ्टनंट क्वान वीस सैनिक घेऊन वर चढला. माझ्याच वयाचा होता, आवाज बसलेला. त्याने उतारूंना ओळख पटवायला सांगितलं. कुणी तोंड उघडेना. पळालेले सहा जण बाहेर होते आणि सगळ्यांना घरी बायका-पोरं होती. माझ्या खिशाला पेन दिसलं म्हणून त्याने मला बोलावलं.

"मास्तर, तुम्ही चेहरे पाहिलेत?"

नाही म्हणायचं होतं. "थोडेफार," मी म्हणालो. इतक्या माणसांसमोर मला काही दिसत नाही, हे सांगायची लाज वाटली.

"संध्याकाळपर्यंत आठ मिळाले नाहीत तर तीनशेंना छावणीत नेईन. बायकांसकट. तिथे ताप पसरलाय. तुम्ही शिकलेले आहात, काहीतरी सुचवा."

आणि मला सुचलं. एका पुस्तकात वाचलं होतं की होडीवर जन्मलेली माणसं ताटातला मासा कधी उलटत नाहीत. वरची बाजू खाऊन काटा उचलतात आणि तसंच खालचं खातात. मासा उलटला की होडी उलटते. त्या खाडीचे चाचे सगळे होडीवरचेच, असं तेव्हा सगळे म्हणत. आमचे उतारू बहुतेक जमिनीवरचे, दुकानदार आणि मजूर. मी हे क्वानला सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. कुणीतरी माझं ऐकत होतं.

त्याने स्वयंपाक्याकडून एक मोठा वाफवलेला मासा आणवला, पिंपावर थाळी ठेवली आणि पुरुषांची रांग लावली. एकेकाला जेवायच्या काड्या द्यायच्या आणि म्हणायचं, उलट. चाळीस माणसांनंतर माशाचा चुरा झाला, दुसरा आणला. एक म्हातारा म्हणाला, "साहेब, खाऊ पण द्या की, कालपासून उपाशी आहोत." सैनिक हसले. हसू होतं, मागे बंदुका होत्या, आणि मी मधोमध उभा राहून मान हलवत होतो.

दहा जणांनी नकार दिला. सैनिकांनी त्यांना लगेच बाजूला काढलं. मग तुंगाच्या तेलाचा वास आला.

"नाव?" क्वानने विचारलं.

"लाय होई-शान. शिडाचं कापड आणायला चाललोय."

"उलट."

"नाही उलटणार, साहेब." तोच आवाज. "बोट अजून पाण्यात आहे. तीनशे माणसं आहेत हिच्यावर. आम्हाला खाली उतरवा, मग म्हणाल तितके मासे उलटतो."

"बघा मास्तर," क्वान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमचं पुस्तक खरं निघालं."

"पण साहेब, अकरा झाले," मी म्हणालो. "आठच होते ना?"

"तीन जास्त झाले तर चालतील. कमी झालेले चालणार नाहीत."

नेताना लाय माझ्याजवळून गेला. "मास्तर, दुसरा डोळा पण करून घ्या," एवढंच म्हणाला. रागाने म्हणाला का, ते मला कळलं नाही. आठ दिवसांनी अकरा चाच्यांना गोळ्या घातल्याची बातमी आली. बाकी सगळे उतारू घरी गेले. मीही गेलो.

तेव्हापासून मी मासा उलटत नाही. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या आ-सेईला हे अजिबात खपत नाही. परवा ती ताटाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, खालची बाजू मांजरासाठी ठेवलीत?"

"असू दे."

"बारा वर्षं असू दे, असू दे! उलटा की! इथे काय बुडणार आहे? सिमेंटचं घर आहे हे, पाचवा मजला!"

माझ्या हातातून काड्या सुटल्या. उतरवा, मग उलटतो. लाय हेच म्हणाला होता. ते वाक्य मी चाळीस वर्षं तो होडीवरचा असल्याचा पुरावा म्हणून जपलं होतं; एका माणसाचं बोलणं म्हणून ऐकलंच नव्हतं. रांगेतल्या प्रत्येकाला दिसत होतं की नाही म्हणणाऱ्याला बाजूला काढतात. दडून बसलेल्या चाच्याने अशा वेळी मुकाट्याने मासा उलटला असता. आठांतल्या कितींनी उलटला असेल, आणि घरी जाऊन जेवले असतील?

तरी मला खात्री नाही. चाच्यालाही आपण उभे आहोत ती बोट बुडायला नकोच असेल. मी हा विचार तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी तोही राहू दिला आणि बाकीचं साधं लिहिलं.

'तुमच्या वडिलांच्या हातात मी बंदूक पाहिली नाही. मला काहीच दिसत नव्हतं, आणि हे मी तेव्हा सांगितलं नाही. ते चाचा नव्हते असं शपथेवर सांगता येत नाही. पण त्यांच्याविरुद्ध एका माशाखेरीज काही नव्हतं, आणि ती युक्ती माझी होती. त्यांनी मासा का उलटला नाही ते मी कानाने ऐकलं. त्यांचे शब्द खाली जसेच्या तसे देतो. तुमच्या काकांना वाचून दाखवा. त्यांचा माझ्यावर विश्वास नसेल तर मी होडीवर येऊन सांगेन. आई असतील तर त्यांना आधी सांगा.'

टपाल कचेरीतल्या मुलीने पाकीट फिरवून पाहिलं. "आजोबा, चेउंग चाऊ बेट, मीठ-मासळीच्या दुकानामार्फत. होडीचा नंबर?"

"दुकानदाराला माहीत असेल. निदान अकरा वर्षांपूर्वी होतं."

"नसलं तर पत्र परत कुठे पाठवायचं? मागे तुमचं नाव-पत्ता काहीच नाही."

तो मी मुद्दाम लिहिला नव्हता, की विसरलो होतो, हे मला आत्ताही सांगता येत नाही. मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं. मी चष्मा पुसला, तिच्याकडून पेन घेतलं, पाकिटामागे नाव, मजला, खोली सगळं लिहिलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिने त्यावर शिक्का मारला.