पनवेलचा हॉर्न

वाशीचा पूल ओलांडला तशी वसुंधरा जागेवरून उठली, बाकांना धरत धरत पुढे गेली आणि तिने बुधाजी ड्रायव्हरला बजावलं, आज पनवेलमध्ये हॉर्न वाजवायचा नाही. एकदाही नाही. वाजला तर ती तिथेच उतरून चालायला लागेल, मग उद्याच्या चिपळूणच्या प्रयोगाचं काय व्हायचं ते होवो.

गेले काही दौरे हा ताप चालला होता. नाटक कंपनीची बस पनवेलात शिरली रे शिरली, की समोर रस्ता मोकळा असो नसो, बुधाजी लांबलचक हॉर्न द्यायचा. जरा थांबायचा, पुन्हा द्यायचा. मागच्या बाकावर आडवे झालेले दाजी, कंपनीतले सगळ्यात जुने नट, दचकून उठायचे आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. बुधाजी आत्ताही काहीतरी सांगायला गेला होता. पण वसुंधराचा आवाज थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी घडलेला. उरणकडच्या या मिठागरवाल्याच्या मुलाचं त्यापुढे काय चालणार? त्याने मान डोलावली आणि गिअर बदलला.

खरं सांगायचं तर तिचा राग हॉर्नवर नव्हताच. हॉर्न आपला हाताशी सापडला, इतकंच. राग होता तो पनवेलवर, म्हणजे स्वतःच्या घरावर, आणि त्यातही स्वतःवर.

तिचं बिऱ्हाड पनवेलला. नवरा कमलाकर सरकारी कचेरीत, मुलगी चारुता पाचवीत. घरात बोलण्याचं खातं एकट्या वसुंधराकडे, आणि ती कायम रस्त्यावर. तेव्हा ते घर कसं चालत असेल याचा अंदाज करावा. कोकणात जाणारी गाडी पनवेलवरूनच जायची. म्हणून पहिल्या दौऱ्यापासून एक रीत पडली होती. एस.टी. स्टँडच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या हाताला चहा-भज्यांचं एक हॉटेल होतं. तिथे गाडी चहापुरती थांबायची, आणि कमलाकर स्कूटरवरून डबा घेऊन यायचा. पुढे चारू उभी. डब्यात आळूच्या वड्या नाहीतर खोबऱ्याची चटणी. सगळी कंपनी त्या डब्यावर तुटून पडायची, चारूचे गाल ओढायची, तिला कविता म्हणायला लावायची. चहा संपला की गाडी सुटायची.

आणि दिवाळीनंतर चारू यायची बंद झाली.

पहिल्यांदा वसुंधराला वाटलं, शाळा असेल. दुसऱ्यांदा वाटलं, ताप असेल. तिसऱ्यांदा तिने कमलाकरला विचारलंच. त्याने नेहमीसारखं मोजकं उत्तर दिलं, "तिला आता इथे यायची गरज वाटत नाही." हे त्याने चक्क समाधानाने सांगितलं. म्हणजे काय, हे वसुंधराला पुढे विचारायचं होतं. पण आजूबाजूला सगळे वड्या खात उभे होते, त्यांच्यासमोर काय बोलणार? मधल्या दिवसांत घरी जाणं झालं ते रात्रीपुरतं. पोर झोपलेली. सकाळी वेण्या घालून शाळेत गेली. का गं येत नाहीस, एवढं विचारायचं धाडस या बाईला झालं नाही. हजार माणसांसमोर ती बिनधास्त रडून दाखवायची, पण हे जमलं नाही.

मग गाडीत बसून तिने स्वतःच उत्तरं शोधली, आणि अशी उत्तरं कधी चांगली निघत नाहीत. पोर आपल्याला विसरली. विसरणारच. नाटकात ती तीन मुलांची आई होती. तिसऱ्या अंकात थोरला तिच्या पायावर डोकं ठेवायचा तेव्हा बायका पदराने डोळे पुसायच्या. आणि चारूचा दात पडला तेव्हा ही कणकवलीला, चारूला गोवर आला तेव्हा कराडला. कशासाठी? शाळेच्या वर्गात फळ्याआड साड्या बदलायच्या, धुतलेले परकर गाडीच्या खिडकीत वाळवायचे, बसून बसून कंबर धरलेली, लॉजच्या गाद्या अशा की त्यापेक्षा गाडीचं बाक बरं. तरुणपणी यातच मजा वाटली होती. आता रोज झोपताना वाटायचं, आपण कुठल्या गावात आहोत ते आठवत नाही, आणि आपलं गाव आपल्याला ओळखत नाही.

कंपनीचा मॅनेजर गुरुदत्त पुढच्या बाकावर हिशेब करत बसला होता. विदर्भाचा मोठा दौरा ठरत होता. पनवेलच्या बूथवरून नागपूरला फोन करायचा होता, आणि त्याआधी त्याला वसुंधराचं हो-नाही हवं होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. विदर्भ नाही. विदर्भच काय, हा दौरा संपला की कंपनीही नाही. पनवेलला उतरलं की सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

पनवेल आलं. बुधाजीने शब्द पाळला. हॉर्न वाजला नाही, दाजी उठले नाहीत, गाडीत इतकी शांतता की वसुंधरालाच चुकल्यासारखं झालं. ती नेहमीच्या डाव्या खिडकीशी बसून हॉटेलसमोरची माणसं न्याहाळत होती. कमलाकर दिसला. स्कूटर दिसली. पुढे कोणी नव्हतं.

ती उतरली. डबा घेतला. गुरुदत्त चहाचा पेला घेऊन मागे येऊन उभाच होता, काय ठरलं म्हणून विचारत होता. वसुंधराने घसा साफ केला. तेवढ्यात कमलाकर रस्त्यापलीकडे बघून ओरडला. त्याला ओरडताना तिने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

पलीकडच्या कडेला चारू उभी होती. पायात चपला नाहीत, शाळेचा फ्रॉक, हातात कमलाकरचा केशरी टॉवेल. मधून ट्रक सुसाट जात होते आणि ती पुढे-मागे होत होती. कमलाकर आणि वसुंधरा एकदमच धावले, पण त्यांच्याआधी बुधाजी रस्त्यात पोचला होता. चहाचा पेला तसाच हातात, दुसरा हात वर. एका ट्रकने करकचून ब्रेक लावला, ड्रायव्हरने शिवी हासडली, बुधाजीने ती शांतपणे ऐकून घेतली. चारू धावत अलीकडे आली आणि आईच्या कमरेला घट्ट मिठी मारून उभी राहिली. तिची छाती भात्यासारखी धपापत होती.

"तू आहेस," ती म्हणाली. "आज हॉर्न नाही वाजवलास. मला वाटलं तू गाडीत नाहीस. मला वाटलं तुला काहीतरी झालं."

वसुंधराला काही कळेना. ती कमलाकरकडे बघू लागली, तर तो तिच्याचकडे बघत होता. रस्त्याच्या उजव्या हाताला, दुकानांच्या मागे, त्यांची चार मजली इमारत दिसत होती. गच्चीवर पाण्याची टाकी, आणि टाकीपर्यंत जाणारी लोखंडी शिडी. ड्रायव्हरच्या खिडकीतून ती समोर दिसत असणार. आजवर वसुंधराने उजवीकडे बघितलंच नव्हतं. डबा डावीकडे यायचा ना!

बुधाजी मान खाली घालून चहा हलवत उभा होता. मग पोरीकडे बघून म्हणाला, "हारन बिघडलाय गो बाय. तुजी आई काय करंल?"

हॉर्न बिघडलेला नव्हता. वाशीच्या नाक्यावर त्याने टेम्पोवाल्याला कान किटेपर्यंत वाजवून दाखवला होता. दिवाळीपासूनचे ते सगळे हॉर्न वसुंधराच्या कानांत एकदम वाजले. लांब एक, मग थांबून दुसरा. प्रत्येक वेळी तिने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी वर गच्चीवर ही पोर टॉवेल हलवून आईचं उत्तर घेत होती. तिला तिथेच हुंदका आला. हा अभिनयाचा नव्हता. नाक लाल झालं, ओठ वाकडे झाले, आणि समोर दाजी उभे आहेत याचं भानही राहिलं नाही.

बुधाजीने दिलेली पळवाट घेता आली असती. तिने घेतली नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "चारू, तो हॉर्न मी वाजवत नव्हते. बुधाजीकाका वाजवायचे. तू वर असतेस हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, तुला मी नको झाले."

चारूने यावर थोडा विचार केला. बापाची मुलगी, लगेच बोलणार नाही.

"इथे तू सगळ्यांची असतेस," ती म्हणाली. "हॉर्न फक्त माझा असतो. म्हणून मी वर जाते." आणि मग, "आता माहीत झालं ना? मग आता तू वाजव."

झालं. दिवाळीपासून छातीवर बसलेला धोंडा त्या चार शब्दांनी उतरला. वसुंधरा रडता रडता हसायला लागली. कमलाकरही हसला, आणि पुटपुटला की त्याला वाटलं होतं, तिला माहीत आहे. पुढच्या वेळी जरा जास्त बोलत जा, असं तिने त्याला सुनावलं, आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

चारू स्कूटरवर पुढे उभी राहून घरी गेली. गुरुदत्त घड्याळ दाखवत होता, पण बुधाजी इंजिन चालू करून नुसता बसून राहिला. त्याने वसुंधराला आपल्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर घातलेल्या गोधडीवर बसवलं होतं. दोघं खिडकीतून मागे वळून गच्चीकडे बघत होते. मॅनेजर दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा बुधाजी म्हणाला, "दिसू दे तरी, मंग निंगू."

टाकीच्या बाजूला केशरी काहीतरी हललं. मग जोरजोरात हलायला लागलं.

वसुंधराने हात पुढे करून हॉर्न दाबला. तो इतका वेळ दाबून धरला की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली आणि मागून दाजींनी या वेळी तिच्या सात पिढ्यांना हात घातला. ती थांबली, मोकळा श्वास घेतला आणि दुसरा दिला.

"अहो ताई, विदर्भाचं काय ते सांगा," गुरुदत्त रडकुंडीला येऊन म्हणाला. "नागपूरवाला फोनची वाट बघतोय."

"येते की," वसुंधरा गच्चीवरची नजर न काढता म्हणाली. "पण गाडी पनवेलवरून न्यायची."

विदर्भाला नाशिकवरून जातात, पनवेल म्हणजे भलताच वळसा, डिझेल कोण देणार, असं गुरुदत्त बरंच काही बोलत राहिला. बुधाजीने गिअर टाकला.

"नेतो मी," तो म्हणाला.