गलबताचा कौल

सॉलोमन अष्टमकर मास्तरांनी उभ्या जन्मात एकच नवी गोष्ट दारात आणली, आणि तिनं त्यांचं घरच हलवलं.

मास्तरांचा टायपिंगचा क्लास रोह्याच्या एसटी स्टँडमागे होता. अर्ध्या रोह्याची बोटं त्यांनीच घडवलेली. कचेरीत, धाटावच्या कंपन्यांत, जिथं म्हणून टकटक ऐकू येई तिथं मास्तरांचा एखादा शिष्य बसलेला असायचा. पुढं नव्वदचं दशक संपत आलं, कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटरांवर धूळ बसली. मास्तरांनी नाइलाजानं एक कॉम्प्युटर घेतला, त्याला फोनची तार जोडली आणि पाटीवर 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं. पाटी वाचून लोक आत येत, पंख्याखाली बसत, पाणी पीत आणि निघून जात.

अशात मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं 'गलबत' नावाचा ब्राउझर काढला. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं दाखवणारी खिडकी, आणि ही खिडकी चक्क मराठीत होती. वर पत्ता लिहायची पट्टी, पट्टीच्या डाव्या अंगाला मागच्या पानावर नेणारा बाण, उजव्या अंगाला पुढच्या पानावर नेणारा बाण, आणि पान येईस्तोवर कोपऱ्यात डुलणारं शिडाचं गलबत. रोह्याच्या फोनवर ते इतका वेळ डुले की बघणाऱ्याला मळमळून यावं. कंपनीनं हे सगळं मास्तरांना फुकट दिलं. अट एकच: वापरणारे लोक काय म्हणतात ते कळवायचं. त्यासाठी दीपिका नावाची मुलगी मुंबईहून दर आठवड्याला फोन करायची.

उद्घाटनाला हैबतरावांना बोलावलं होतं. रोह्यात कुठंही नारळ फोडायचा असला की हैबतराव लागतात, आणि नारळ फुटला की अर्धी वाटी घरी नेतात. सोबत ग्रामदेवाचे गुरव दाजी होते, कारण हैबतराव एकटे कुठं जात नाहीत. नारळ फुटला. हैबतराव कॉम्प्युटरसमोर बसले आणि पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, "इथं काय लिवायचं?"

"जे पायजे ते," मास्तर म्हणाले. एवढंच बोलायला नको होतं.

हैबतरावांना त्या दिवसांत एकच गोष्ट पाहिजे होती. त्यांनी सांगितलं आणि मास्तरांनी टाइप केलं: 'सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहू काय?' गलबत डुललं, डुललं, आणि थांबलं. पडद्यावर आलं, 'पान सापडले नाही.' आणि इतका वेळ राखाडी असलेला डावा बाण हिरवागार पेटला.

दाजींनी हात जोडले. "डावा दिला," ते म्हणाले.

आता, आपल्याकडं देवाला कौल लावतात तो असा: गाऱ्हाणं घालायचं, देवाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दाजींचा जन्म कळ्या बघण्यात गेलेला. डावं आणि उजवं समोर असताना त्यांनी दुसरं काय वाचावं? मास्तरांनी समजावून पाहिलं, की काहीही लिहिलं तरी डावाच पेटणार, कारण मागं जायला मागचं पान असतंच; उजवा पेटतो तो एकदा मागं जाऊन आल्यावर. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी टायपिंगचं बगा."

हैबतरावांनी अर्ज मागं घेतला. जो निवडून आला तो सत्काराच्या दिवशी व्यासपीठ मोडून हारतुऱ्यांसकट खाली पडला आणि पाय प्लास्टरात घालून बसला. झालं! गलबत जागृत आहे ही बातमी पेणपर्यंत पोचायला एसटीसुद्धा लागली नाही.

मग रांगा लागल्या. धाटावचे कामगार शिफ्ट सुटली की तोंडाला रुमाल बांधून येत आणि बढतीचं विचारत. डोलवीकडचे लोक जमिनीचं विचारत. पेणचा एक मूर्तिकार विचारून गेला, यंदा उजव्या सोंडेचे गणपती जास्त करू काय. डावा. दाजी खुर्ची टाकून बाजूलाच बसू लागले. एकाचं झालं की ते म्हणत, "कौल उतरवा," म्हणजे मास्तरांनी गलबत बंद करून पुन्हा उघडायचं, दोन्ही बाण राखाडी करायचे आणि पुढच्याला बसवायचं. जुन्या कळ्यांवर नवा कौल लागत नाही, हे मास्तरांनाही पटण्यासारखं होतं.

अख्खा तालुका नकार घेऊन घरी जात होता. ठरलेली लग्नं थांबली. एका माणसानं विचारलं, दारू प्यावी काय? डावा आला, आणि पठ्ठ्यानं सोडली. त्याची बायको मास्तरांना पाटीभर आंबे देऊन गेली.

दीपिकेचा फोन आला. "सर, युजर्सच्या प्रतिक्रिया काय आहेत?"

मास्तर माणूस सरळ. खोटं बोलता येईना आणि खरं सांगितलं तर पोरीला वेड लागेल. ते म्हणाले, "लोकांचं म्हणणं असं, की डावा बाण फार पेटतो. उजवा कधी पेटतच नाही. लोक बिचारे हिरमुसून परत जातात."

"उजवा म्हणजे पुढे जायचा ना?" दीपिकेचा आवाज चढला. "म्हणजे लोकांना पुढे जायचंय, आणि आपण त्यांना मागेच नेतोय! सर, हे फार मोठं आहे. मी मीटिंगमध्ये मांडते."

पुढच्या आठवड्यात पुतळी आली. ही धरमतरच्या खाडीकडची, मिठागरावरची. तिच्या गावानं विचारलं होतं, यंदा खाडीचा बांध टिकेल काय, आणि डावा मिळाला होता. गाव इतकं घाबरलं की बायाबापड्यांनी रात्रंदिवस चिखल वाहून बांध दुप्पट केला. मोठी भरती आली आणि गेली. बांध हलला नाही.

"मंग बरंच झालं की गो," मास्तर म्हणाले.

"काय बरं झालं? द्येवानी सांगितला फुटंल, नि आमी फुटू नाय दिला. द्येव खोटा परला. आता दोष कुनाला लागंल?" पुतळीनं दाजींकडं पाहिलं. "थोरासा फोरायचा काय?"

दाजींनी बराच विचार केला आणि टोकाला हातभर फोडून पुन्हा लिंपायला सांगितलं. दोष निघाला. मास्तरांनी हीसुद्धा प्रतिक्रिया कळवायला घेतली होती, पण शब्द जुळेनात.

हे सगळं मास्तरांची बायको रेचल लांबून बघत होती आणि हसत होती. "तुमच्या गलबताला आदी पोहायला शिकवा," म्हणायची. आपण इस्राएल लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्यात कौल नाही, हे तिला पक्कं ठाऊक. पण तिच्या पोटात एक काळजी होती. मुलगी तामार लग्न होऊन इस्राएलात, अश्दोदला गेलेली, पहिलंच बाळंतपण आलेलं. भाऊ, नणंदा, शेजारपाजार, सगळे कधीच तिकडं गेले. रेचलला जायचं होतं, दोघांनी, कायमचं. वर्षभर ती विचारत होती आणि वर्षभर मास्तर टाळत होते. कधी क्लास कोण बघणार, कधी सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनाघराची, किल्ली कोणाकडं देणार.

खरं कारण वेगळंच होतं. मास्तरांना भीती वाटत होती. इथं स्टँडवर उतरलं की चार माणसं 'मास्तर' म्हणून हात वर करतात. तिकडं ते एक म्हातारे गृहस्थ होणार होते, बस. प्रार्थना त्यांना सगळ्या पाठ होत्या, पण त्या भाषेत अर्धा किलो वांगी मागता आली नसती. हे बायकोला सांगायची लाज वाटे, म्हणून ते किल्लीचं सांगत.

एका दुपारी रेचल क्लासात आली. रांगेत उभी राहिली, सगळ्यांसारखी. नंबर आल्यावर पदर सावरून बसली आणि म्हणाली, "लिवा. आमी तामारकडं जावं काय?"

मास्तरांनी लिहिलं. गलबत डुललं. डावा पेटला.

घरी जाऊन तिनं बांधलेल्या ट्रंकेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. जाणं झालं तर गोड पोह्यांचा मलिदा करीन असा तिनं एलियाहू हन्नाबी प्रेषिताला नवस बोललेला, त्यासाठी पेणहून चांगले पोहे आणून ठेवले होते. ते पोहे तिनं कांदा घालून परतले आणि चहाबरोबर मास्तरांपुढं ठेवले. मास्तरांना आधी फार हलकं वाटलं होतं. पण आता त्या नवसाच्या पोह्यांची बशी त्यांच्या पुढ्यात होती. डावा सगळ्यांनाच पेटतो, एवढं एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. ते म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मुंबईहून गलबताची नवी आवृत्ती आली. दीपिका फोनवर नुसती नाचत होती. "सर, तुमच्या प्रतिक्रियेवरून सगळं बदललंय! पान सापडलं नाही तर आता उजवा बाण पेटेल. दाबला की गलबत आपल्या मनानं दुसऱ्या कुठल्या तरी पानावर नेईल. आणि मागचा बाण काढूनच टाकलाय. कुणाला मागे जायचंच नाहीये ना!"

मास्तरांनी ती सीडी टाइपरायटरच्या झाकणाखाली दडवली. पण दीपिकेनं पुन्हा फोन केला तेव्हा मास्तर पाणी भरायला मागं गेले होते, आणि फोन हैबतरावांनी उचलला. नवी सीडी पोचल्याचं तिच्याकडून कळलं आणि त्यांनी ती हुडकून काढली.

"देवानं नवं रूप धरलंय," दाजी थरथरत म्हणाले, "आणि तुमी त्याला झाकनाखाली कोंडलंत?"

मास्तरांना सीडी घालावी लागली.

मग काय विचारता! डोलवीकडच्या दोन सख्ख्या भावांनी एकाच जमिनीबद्दल वेगवेगळं विचारलं, दोघांनाही उजवा आला, आणि दोघं पेढे घेऊन एकमेकांकडं गेले. थांबलेली लग्नं एका हप्त्यात उरकायची म्हणून मांडववाले लपून बसले. मूर्तिकारानं सगळ्याच सोंडा उजवीकडं वळवल्या. दारू सोडलेला पुन्हा विचारून गेला, आणि त्याची बायको येऊन आंब्यांची पाटी परत मागू लागली. दाजी मात्र खूश होते. देव प्रसन्न झाला की असंच व्हायचं, ते म्हणाले.

त्या गर्दीत एके दिवशी रेचल पुन्हा आली. मास्तरांनी तिला पाहिलं आणि भलतीच कळ दाबली. ती आता पुन्हा तेच विचारणार, उजवा येणार, आणि मग कुठली किल्ली सांगायची? ती मागं बाकावर बसून राहिली. तिच्यापुढं जेवढे बसले तेवढ्यांना उजवा मिळाला. ती सगळं बघत होती. तिचा नंबर आला तेव्हा ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "लिवा."

"काय लिवू?"

"मी एकटी निघाले तं ह्ये माज्या पाठी येतील काय?"

मास्तरांनी मान खाली घालून लिहिलं. एरवी फोनची लाइन ऐन वेळी तुटायची, आणि मास्तर तिला शिव्या घालायचे. आज ते मनातल्या मनात तिला विनवत होते, तूट गो बाई. लाइन तुटली नाही. गलबत डुललं आणि थांबलं.

"उजवा!" पुतळी ओरडली. ती मिठाचं विचारायला आली होती. "उजवा! येतील गो, पाठी येतील!" हैबतरावांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी डोळे मिटून हात जोडले.

रेचल पडद्याकडं बघतच नव्हती. ती मास्तरांकडं बघत होती.

हे यंत्र सगळ्यांनाच हो म्हणतं, हे वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण ते बोलल्यावर स्वतःचं उत्तर द्यावं लागलं असतं, भर क्लासात, तिच्या डोळ्यांत बघून. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की तिलाही हे ठाऊक आहे. बाकावर बसून एवढे होकार मोजण्याइतकी ती शहाणी होतीच. उजवा येणार हे धरूनच ती आली होती. तिनं गलबताला विचारलंच नव्हतं.

"खरा हाय काय हा?" ती हळूच म्हणाली. तिचा आवाज कापत होता. चाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आपल्यासारखीच हीसुद्धा घाबरते, हे त्यांना आज कळलं, आणि त्यांना तिची फार माया वाटली.

"खरा हाय," मास्तर म्हणाले. "मी येईन. पन मला तिकडची भाषा येत नाय गो, रेचल."

"मला तरी कुटं येते?" ती म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि पिशवी काखोटीला मारली. "मंग उठा. पासपोर्टाचे फोटो काढायचेत, फोटोवाला जेवायला जाईल."

मास्तर उठले. रांग तशीच उभी होती. त्यांनी खुर्ची हैबतरावांकडं सरकवली, चपला शोधल्या आणि उन्हात बायकोच्या पाठोपाठ चालू लागले.